मयत (जिवंत)

कॉलशीटवर माझं नाव नव्हतं. शूटिंगला कोणी किती वाजता कुठे पोचायचं, एवढंच सांगणारा तो कागद. त्यावर पहिल्या दिवसाच्या रकान्यात माझ्यासाठी लिहिलं होतं, ‘मयत – सकाळी ७’. आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात, ‘मयत (जिवंत) – सकाळी ९’.

मालिका गुन्ह्यांची होती. दर आठवड्याला एक नवा खून आणि तो शोधून काढणारी तीच एक इन्स्पेक्टर. या खेपेला खून झालेली भाडेकरू बाई मी होते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर मरून पडायचं. दुसऱ्या दिवशी, खुनाच्या आधी काय घडलं ते दाखवायचं म्हणून, उठून बोलायचं. अकरा वाक्यं होती. बाळंतपणाआधीच्या चार वर्षांत मला मिळालेली सगळी वाक्यं एका कागदावर लिहिली असती, तरी अकरा भरली नसती.

सासूबाईंनी कॉलशीट वाचली आणि टेबलावर पालथी घातली. घरात असलं काही वाचायला नको, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, दुसऱ्या दिवशी जिवंत होतेय ना मी.

“कंसात,” त्या म्हणाल्या.

काम देणाऱ्या माणसाचा फोन आला तेव्हा मुंगी माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली होती. मुंगी म्हणजे माझी मुलगी, पाच महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ते नाव पडलं. आताचे गाल बघून कोणी ठेवलं नसतं. फोनवरच्या माणसाने सगळं सांगून झाल्यावर विचारलं, “काही अडचण?” मी खाली बघितलं. मुंगीच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. मी म्हटलं, “नाही, काही अडचण नाही.”

मग त्याने एक गोष्ट मैत्रीने सांगून ठेवली. मागच्या महिन्यात एका मयताचं पोट हलत होतं. सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलंच नाही. दुपारी तिला गाडीत बसवून घरी पाठवलं आणि दुसरी मयत आणली. आणि चेहरा बदलला की दुसऱ्या दिवसाचं कामही नव्या चेहऱ्याचं. तेव्हा निपचित पड, म्हणाला. तू नीट मेलीस तरच तुझी वाक्यं तुझी.

त्यामुळे मी आठवडाभर मरायचा सराव केला. मुंगीला पाजून झालं की तिच्या शेजारी उताणी पडायचं, डोळे मिटायचे आणि श्वास पोटात न घेता वरच्यावर, चोरून घ्यायचा. ती माझ्या नाकात बोट घालायची. मी हलायची नाही. सासूबाई दारातून बघून जायच्या आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करून लावायच्या.

शूटिंग एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात होतं. घरातली माणसं दोन दिवसांसाठी नातेवाइकांकडे गेली होती. जिन्यावरून जाड काळ्या वायरी चढत आल्या होत्या आणि दाराबाहेर पन्नासेक चपलाबूट पडले होते. स्वयंपाकघरात कोणाचं तरी रोजचं आयुष्य तसंच ठेवलेलं होतं, डब्यांवर चिठ्ठ्या, खिडकीत वाळत घातलेलं फडकं. फक्त मध्ये माझ्यासाठी खडूने आखलेली जागा. फ्रिजची घरघर नको म्हणून साउंडवाल्याने तो बंद केला होता आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती. का, तर घरी जाताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, आणि मग तो परत चालू करायचं विसरत नाही. मला त्याची युक्ती फार आवडली. पण दुपारी दूध काढून त्याच फ्रिजमध्ये ठेवायचं मी ठरवलं होतं, ते बारगळलं.

मेकअपवाली मुलगी त्या युनिटमध्ये नवीन होती, तिचा पहिलाच आठवडा. तिने माझ्या गळ्यावर दोरीचा वळ काढला, ओठ जांभळे केले आणि केसांपाशी आणि शर्टाच्या कॉलरवर रक्त लावलं. तिच्याकडे पाण्याचा एक छोटा फवारा होता; कपाळावर घामाचे थेंब दिसावेत म्हणून तो ती दर शॉटआधी मारायची. माझा फोन मी आवाज बंद करून तिच्या पिशवीत ठेवला. घरी बाटलीत दूध काढून ठेवलं होतं. पहाटे मुंगीला भरपूर पाजलं होतं. सगळं मोजूनमापून केलं होतं; फक्त मुंगीला विचारलं नव्हतं.

मेलेल्या माणसाला ऐकू फार येतं. डोळे मिटून पडलं की आवाजांनाच चेहरे फुटतात. कोणीतरी ओरडायचं, मयताला उशी द्या, लाइट बदलायला वेळ आहे. कोणी विचारायचं, मयताने चहा घेतला का. मध्येच सर म्हणायचे, “मयत, श्वास,” आणि मी होता तोही श्वास गिळायची. लाइटदादा शिडीवर चढता-उतरता गुणगुणत होते. त्यांचं गुणगुणणं थांबलं की समजायचं, शॉट सुरू होतोय.

आणि माझ्या सगळ्यात जवळ इन्स्पेक्टरबाईंचा आवाज. अकरा वर्षं त्या हे काम करत होत्या. म्हणे बाजारात लोक त्यांना थांबवून खऱ्याखुऱ्या चोऱ्यांच्या तक्रारी सांगायचे, आणि त्याही ऐकून घ्यायच्या. दर शॉटला त्या माझ्या बाजूला एक गुडघा टेकून बसायच्या, आणि तो गुडघा दर वेळी कटकन वाजायचा. दुसऱ्या खेपेला माझ्या कानाशी पुटपुटल्या, तू हसू नकोस हं, माझा गुडघा तुझ्याआधीच मेलाय. मी हसले नाही. सरांनी लांबून “छान” म्हटलं. ते इन्स्पेक्टरबाईंना असेल, पण मी ते घेऊन टाकलं.

साडेअकरा वाजले असतील. जवळचा शॉट होता: कॅमेरा माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू हातापर्यंत जाणार आणि इन्स्पेक्टरबाई वळ बघून आपलं वाक्य म्हणणार. लाइटदादांचं गुणगुणणं थांबलं. शांत झालं. आणि खालून, जिन्यातून, एक रडणं वर आलं.

बाळं सगळी सारखीच रडतात असं मला पूर्वी वाटायचं. मुंगी आधी एक छोटं ‘अँ’ करते, मग थांबते, जणू कोणी ऐकलं का ते बघते, आणि मग लांब, थरथरता सूर लावते. जिन्यातलं बाळ थांबलं. मीही थांबले. मग तो सूर आला.

मी हलले नाही. पापणीसुद्धा हलवली नाही. आठवड्याचा सगळा सराव मी पणाला लावला. पण त्या सरावात माझ्या अंगाला कोणी घेतलंच नव्हतं. छातीत आधी मुंग्या आल्या, मग आत कुठेतरी दोरी सुटावी तसं काहीतरी सुटलं, आणि फिक्या निळ्या शर्टातून ते ऊबदार ओलं मला स्वतःला कळू लागलं. दोन्हीकडे. पसरत. मी मेलेली होते आणि माझं दूध वाहत होतं.

इन्स्पेक्टरबाईंनी आपलं वाक्य पूर्ण म्हटलं. त्यानंतर क्षणभर त्या तशाच बसून राहिल्या.

“कट,” सर म्हणाले. मग शॉट दिसतो त्या छोट्या पडद्याकडे बघतच असणार, कारण आवाज तिकडूनच आला, “मयत ओली का झालीय?”

इतकी वर्षं दर आठवड्याला एक गुन्हा उकलणारी ती माणसं. सगळी माझ्याभोवती जमली आणि तपास सुरू झाला. कोणी म्हणालं, वरून गळतंय. मग सगळ्यांनी छत बघितलं, ते कोरडं. कोणी म्हणालं, चहा सांडला, वास घ्या. वास कोणी घेतला नाही, देवाची कृपा. सहायक म्हणाला, ओट्याखालचा नळ झिरपत असेल, ओल फरशीवरून आली असेल. ओल फरशीवरून येऊन छातीवर कशी चढली, हे त्याला कोणी विचारलं नाही. लाइटदादा हत्यारांची पेटी घेऊन ओट्याखाली घुसले. आणि खाली बाळ रडतच होतं. साउंडवाला तेवढ्यासाठी जिन्यात जाऊन ‘अहो, तेवढं बाळ गप्प करा’ असं सांगून आला. धागा हातात होता, आणि ते तो बाहेर टाकून आले.

मग कोणाला तरी फवारा आठवला.

सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच जास्त वाईट. त्यांनी मेकअपवालीला विचारलं, कपाळावर सांगितलं होतं ना? एकच शर्ट आहे, त्यावर रक्त बसवायला सकाळचा एक तास गेलाय. ती म्हणाली, मी कपाळावरच मारलं सर. सर म्हणाले, मग हे काय आहे? ती पुन्हा म्हणाली, कपाळावरच मारलं. पण या वेळी आवाज फुटला होता. फवाऱ्याची बाटली तिच्या हातात खुळखुळत होती, ते मला ऐकू येत होतं. पहिला आठवडा होता तिचा.

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. शर्ट वाळवला असता, तिला बोलणी बसली असती, आणि उद्या मी जिवंत झाले असते.

“तिची चूक नाही,” मी म्हटलं. डोळे मी अजून मिटलेलेच ठेवले होते. कदाचित उघडायचं धैर्य होत नव्हतं. “पान्हा आहे.”

ओट्याखालून लाइटदादांचा आवाज आला, “कुठे ठेवलाय? मघापासून तोच शोधतोय.”

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग माझ्या डोक्याशी इन्स्पेक्टरबाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग फरशीवर बसकण मारून. “दादा, या बाहेर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पेटीतला नाही. हिचा. जिन्यात रडतंय ते बाळ हिचं आहे.”

मी डोळे उघडले. लाइटदादा ओट्याखालून अर्धे बाहेर आले होते, नळ आवळायला आणलेली चिंधी हातात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तीन मुलांच्या बापासारखी मान खाली घातली. तीन हा आकडा मला मागाहून कळला, पण मान तशीच होती.

सर माझ्या पायाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “तुला विचारलं होतं ना, काही अडचण आहे का म्हणून?”

“अडचण आहे का असं विचारलं होतं, सर,” मी म्हटलं. “मुलगी आहे का असं नाही विचारलं. तिला अडचण कसं म्हणू?”

त्यांनी खिडकीकडे बघितलं, ऊन ओट्याच्या कडेला येऊन टेकलं होतं, तासाभरात ते जाणार होतं. मग विचारलं, किती वेळ लागेल. मी सांगितलं, पंधरा मिनिटं. त्यांनी सहायकाला म्हटलं की तोवर इन्स्पेक्टरबाईंचे एकटीचे शॉट उरकून घेऊ, आणि वळले. उद्याबद्दल काहीच नाही. मी आतल्या खोलीकडे जाताना सहायक फोनवर कोणाला तरी सांगत होता, उद्यासाठी अजून एक कोणी मोकळी आहे का, बघून ठेव.

सासूबाईंना कोणीतरी जिन्यातून वर आणलं होतं. त्या आतल्या पलंगावर बसल्या होत्या, मुंगी खांद्यावर. मला बघून त्यांचा हात मुंगीच्या पाठीवर थोपटता-थोपटता तसाच थांबला. मला विसर पडला होता की मी गळा आवळून मेलेली आहे.

त्यांनी मुंगीला माझ्याकडे दिलं. तिला माझ्या जांभळ्या ओठांशी काही देणंघेणं नव्हतं, ती तडक कामाला लागली. सासूबाईंनी कमरेला खोचलेला रुमाल काढला, त्याचा कोपरा जिभेला लावला आणि माझ्या गळ्यावरचा वळ पुसायला घेतला. आई, ते राहू दे, मी म्हटलं, अजून शॉट आहे. त्या पुसतच राहिल्या. बाळाच्या तोंडात रंग जाईल, म्हणाल्या. वळ मुंगीपासून वीतभर तरी लांब होता.

नंतर सावकाश सांगितलं त्यांनी. बाटली तिने तोंडाला लावू दिली नाही. चमचा झाला, वाटी झाली. फोन केले, उचलला नाहीस. मग टेबलावरचा तो कागद सुलटा केला, कारण पत्ता त्याच्यावरच होता. “दोनदा वाचावा लागला,” त्या म्हणाल्या, “आधी डोळे त्या एका शब्दावरच जात होते.”

मेकअपवाली आत आली आणि अर्धा पुसलेला गळा बघून दारातच थबकली. मला वाटलं, आता हिची खरोखरच रडायची पाळी. पण तिने फक्त सकाळी काढलेला माझ्या गळ्याचा फोटो फोनवर उघडून शेजारी ठेवला आणि ब्रश भिजवला. मुंगी पीत असतानाच तिने मला पुन्हा मारलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. इतक्यात लाइटदादांनी दाराच्या फटीतून हात घालून शर्ट वाळवायला केस वाळवायचं मशीन दिलं. स्वतः दिसले नाहीत, हातच दिसला.

शेवटचा शॉट सोपा होता. चौकटीत माझा फक्त उजवा हात, पुढे, फरशीवर पालथा पडलेला. लांब मागे इन्स्पेक्टरबाई खिडकीशी उभ्या राहून आपल्या शिपायाशी बोलणार. चेहरा नाही, पोट नाही, श्वासाचीही भीती नाही. सर म्हणाले, हात हलवू नकोस म्हणजे झालं. मी खडूच्या जागेत पडले. फरशी गार होती. अंग हलकं झालं होतं. आतल्या खोलीत मुंगी झोपली होती, हे मला आवाज नसण्यावरूनच कळत होतं. लाइटदादांचं गुणगुणणं थांबलं.

यापुढचं मला इन्स्पेक्टरबाईंनी सांगितलं, काही स्वतः बघितलेलं, काही इतरांकडून ऐकलेलं.

पाच महिन्यांत मी सलग दोन तास झोपलेली नव्हते, आणि त्या शॉटमध्ये लागली झोप. शॉट सुरेख चालला होता. बाईंचं लांबलचक भाषण एका दमात होत होतं, आणि ऊनही अगदी हवं तिथे. आणि पुढे पडलेला मयताचा हात थोपटायला लागला. हळूच. फरशीला. थोपट, थोपट, मग थांबायचा, बाळ जागं आहे का याचा अंदाज घ्यायचा, आणि पुन्हा थोपट, थोपट.

कट कोणी म्हणेना. बाईंना खिडकीपाशी उभं राहून काही दिसत नव्हतं, त्या आपलं भाषण संपवून थांबल्या. तरी कोणी काही म्हणेना. शेवटी त्या वळल्या तेव्हा सगळी माणसं छोट्या पडद्यासमोर दाटीवाटीने उभी होती आणि सरांचा एक हात ‘गप्प’ म्हणून वर धरलेला होता.

“वापरता येणार नाही,” सर म्हणाले. मग सहायकाला विचारलं, उद्या ही दारात उभी राहून बोलणार आहे ना, ती अकरा वाक्यं? तो म्हणाला, हो सर. सर म्हणाले, उभी नको. बसव. नुसती बोलतेय असं नको, हाताला काहीतरी काम दे. सहायकाने विचारलं, ही म्हणजे हीच, की दुसरी बघायची? सरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला फक्त कोणीतरी खांद्याला धरून हलवलं आणि कटकन एक गुडघा वाजला.

“ऊठ गं,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, “परत मरायचंय. ऊन जाईल.”

मी मेले. या वेळी हात हलला नाही. तीन मिनिटांत काम झालं. साउंडवाला किल्ली घ्यायला फ्रिजकडे गेला.

खाली उतरताना जिन्यात सहायकाने दुसऱ्या दिवसाची नवी कॉलशीट हातात ठेवली. मी जिन्यातच थांबून वाचली, मग सासूबाईंना दिली, कारण माझे डोळे नीट काम करत नव्हते. त्यांनी मोठ्याने वाचलं: “मयत, कंसात जिवंत, सकाळी साडेनऊ. सोबत आजी एक, बाळ एक. आतली खोली मोकळी ठेवणे. फ्रिज चालू ठेवणे.”

त्यांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडला. मागून मेकअपवाली सामान घेऊन उतरत होती. तिच्याकडे त्यांनी पेन मागितलं. तिच्याजवळ भुवया रंगवायची पेन्सिल होती, तीच तिने दिली. सासूबाईंनी मुंगीला माझ्या खांद्यावर दिलं, कागद जिन्याच्या कठड्यावर सपाट धरला, आणि आधी पहिल्या शब्दावर जाड रेघ मारली, मग जरा विचार करून कंसाच्या दोन्ही बाजूंवर.

“आता कसं,” म्हणाल्या, आणि पेन्सिल परत दिली.